शाळेच्या दारातील एकटा अर्जदार

एका खासगी विनाअनुदानित शाळेच्या नियामक मंडळावर पालकांच्या तक्रारींचे काम माझ्याकडे आले, तेव्हापासून प्रवेशाच्या मोसमात एकाच आशयाचा अर्ज निरनिराळ्या स्वाक्षऱ्यांनिशी माझ्यापुढे येत असतो : 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये 25 टक्के जागांवर सोडतीने येणाऱ्या वंचित व दुर्बल घटकांतील मुलांमुळे वर्गाचा दर्जा खालावतो, सबब त्यांची तुकडी निराळी करावी. असे लिहिणारी माणसे दुष्ट नसतात. स्वतःच्या अपत्याची काळजीच त्यांच्या लेखणीतून उतरलेली असते. परंतु या युक्तिवादाची वंशावळ ज्याला ठाऊक आहे, त्याला तो मान्य करता येणार नाही.

सन 1856 मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे हे सरकारने आपल्या ठरावात मोकळेपणाने मान्य केले, आणि तरीही, आजवर पुढे आलेल्या या एकट्या इसमासाठी सवर्ण मुलांची सारी शाळा निरुपयोगी होण्याचा धोका पत्करणे उचित नव्हे, असे म्हणून त्याला दार उघडण्याचे नाकारले. या ठरावात मला सर्वांत भयंकर वाटते ते त्यातील सौजन्य. त्यात द्वेषाचा शब्द नाही. हक्क मान्य करून तो संख्येच्या तराजूत घालायचा, आणि अर्जदार एकटा असल्याने पारडे आपोआप दुसरीकडे झुकू द्यायचे, एवढीच त्यातील रीत आहे. सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, असे विलायतेतील ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी 1858 मध्ये बजावले खरे. पण हुकुमाने दार उघडले तरी वर्गातील जागा त्याने मिळत नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल आंबेडकरांचे नाव पटावर रीतसर होते, आणि तरीही त्यांना कोपऱ्यात निराळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट शाळेच्या नोकराने शिवायचे नाही म्हणून सायंकाळी ते घरी न्यावे लागे आणि सकाळी परत आणावे लागे. प्रवेश आणि समावेश यांतील अंतर याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण मला ठाऊक नाही. करवीरच्या शाहू महाराजांनी ते अंतर नेमके ओळखले होते, म्हणूनच अस्पृश्यांसाठी आणखी स्वतंत्र शाळा काढण्याऐवजी 1919 मध्ये त्यांनी त्या बंद करविल्या आणि ती मुले सर्वांच्या शाळांत दाखल करून घ्यावीत असा हुकूम काढला.

तेव्हा निराळ्या तुकडीच्या मागणीला माझे उत्तर नकाराचेच असते. केंद्राच्या 2010 च्या नियमांतही या मुलांना वर्गात वेगळे बसवू नये, त्यांचे वर्ग निराळ्या जागी वा निराळ्या वेळी भरवू नयेत, पुस्तके, गणवेश, ग्रंथालय व खेळ यांत भेद करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती सरकारकडून वेळेवर येत नाही, ही संस्थांची तक्रार खरी आहे, आणि तिच्यासाठी मी स्वतः मंत्रालयापर्यंत भांडावयास सिद्ध आहे. परंतु ती थकबाकी खजिन्याकडून वसूल करावयाची असते, सहा वर्षांच्या मुलाकडून नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने, सरकारी वा अनुदानित शाळा एका किलोमीटरच्या आत असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के जागांच्या बंधनातून मोकळे केले, तेव्हा आमच्याकडेही कित्येकांना सुटल्यासारखे वाटले. त्याच वर्षीच्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला, याचा मला मनापासून आनंद झाला.

दर्जाविषयी म्हणाल, तर ज्या वर्गात रिक्षाचालकाची मुलगी आणि डॉक्टरांचा मुलगा एकाच बाकावर बसून भागाकार शिकतात, आणि चाकाच्या खुर्चीवरील मूल सहलीच्या यादीतून परस्पर गळत नाही, तो वर्ग मला अधिक दर्जेदार वाटतो. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा मान्यताप्राप्त शाळांकडून याचीच अपेक्षा करतो. आमच्या शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधून झाला आहे. स्वच्छतागृहाचे दार मात्र अद्याप अरुंद आहे. ते रुंद करण्यासाठी, आणि सोडतीने आलेल्या मुलांच्या सहलीचा व स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचा खर्च त्यांच्या आईबापांना विनंतीअर्ज करावयास न लावता संस्थेनेच उचलावा यासाठी, येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद मी मागितली आहे. मंडळात तिला विरोध आहे, आणि मी ती मागे घेणार नाही.