नानकटाईची मजुरी

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्याला एक तरी जाहिरात येतेच. एगलेस केक, घरगुती नानकटाई, गव्हाची बिस्किटं, जीरा बटर. पाठवणारी कोणी डिंडोलीची असते, कोणी उधन्याची, कोणी लिंबायतची. त्यातली एक जाहिरात माझ्या वहिनींची आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या ओव्हनवर नानकटाई करून विकायला सुरुवात केली. मी कॉम्प्युटरवाला, म्हणून हिशेबाचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्या हिशेबातून जे समजलं ते अशी सुरुवात करू पाहणाऱ्या घरांना उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून लिहितोय.

पहिला प्रश्न होता, करायचं काय? क्रीमचा केक दिसायला छान आणि पैसेही बरे मिळतात. पण तो त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जायला हवा. सुरतेच्या उन्हाळ्यात क्रीम सांभाळायचं म्हणजे फ्रिजचा एक कप्पा कायमचा गेला. कोरड्या मालाचं तसं नाही. नानकटाई घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकते. आज नाही गेली तर उद्या जाते. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने सादळू नये एवढं मात्र सांभाळावं लागतं. शिवाय सुरतेत अंडं चालत नाही असं गिऱ्हाईक मोठं, आणि नानकटाईत अंडं लागतच नाही. म्हणून वहिनींनी केक फक्त ऑर्डरवर ठेवला आणि रोजचा धंदा नानकटाईचा धरला.

सुरतेच्या बेकरीचा इतिहासही असाच आहे. डचांनी सतराव्या शतकात इथे वखार घातली. त्यांच्यासाठी पाव भाजायला पारशी कारागीर होते. डच निघून गेले तेव्हा भट्ट्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे आल्या, असं सांगितलं जातं. 1861 पासूनची दोटीवाला बेकरी आजही सुरतेत आहे. त्या काळी पाव ताडीने फुगवायचे, त्यामुळे इथली मंडळी त्याला हात लावत नसत. गोरं गिऱ्हाईक कमी झालं आणि पाव उरायला लागला. उरलेला पाव सुकून कडक झाला, की स्वस्तात जायचा. पुढे मुद्दाम तसाच कोरडा, खुसखुशीत माल करायला लागले, आणि त्यातूनच सुरती बटर-बिस्किटं आणि नानकटाई आली, अशी कथा आहे. कथेत थोडं मीठमसाला असेलही, पण धंद्याच्या दृष्टीने ती खरी आहे. न खपलेल्या मालाचं काय करायचं हे ज्याला सुचलं, त्याची बेकरी टिकली.

आता हिशेब. शुद्ध तुपाची एक किलो नानकटाई करायला वहिनींना साहित्य, डबा, लेबल आणि वीज धरून साधारण 270 रुपये खर्च येतो. त्यातले 190 रुपये एकट्या तुपाचे. त्या विकत होत्या 320 रुपयांना. किलोमागे 50 रुपये सुटतात म्हणून सगळे खूश होते. मग एका रविवारी मी घड्याळ लावून बसलो. मळणं, गोळे वळणं, ट्रे लावणं, ओव्हनजवळ उभं राहणं, गार करून डब्यात भरणं. तीन किलोंना साडेचार तास लागले. म्हणजे साडेचार तासांचे 150 रुपये, तासाला 33.

हा आकडा ऐकून वहिनी गप्प बसल्या. कारण नानकटाईच्या आधी त्या घरी साड्यांना लेस लावायच्या. लिंबायत-उधन्याकडे हे काम कोणाला सांगायला नको. व्यापाऱ्याचा माणूस साड्यांचे गठ्ठे टाकून जातो. कोणी धागे कापतं, कोणी टिक्या चिकटवतं, कोणी लेस लावतं आणि साडीमागे ठरलेली मजुरी मिळते. तेव्हा साडीमागचा भाव पैशापर्यंत वहिनींना पाठ होता आणि तासाला 33 पेक्षा जास्त सुटायचे. आठ आणे कमी दिले तर त्या गठ्ठा परत करायच्या. नानकटाईच्या वेळी मात्र मैदा मोजला, तूप मोजलं आणि स्वतःचे तास सोडून दिले.

खरं तर आपल्या सुरतेचा अर्धा व्यवहार जॉबवर्कवर चालतो. सूत व्यापाऱ्याचं, लूम दुसऱ्याचा, मजुरी मीटरवर. कापड एकाचं, एम्ब्रॉयडरी दुसऱ्याची, भाव टाक्यांवर. आणि बेकरीतही हे होतंच. लहानपणी दिवाळीआधी आम्ही घरचा मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यात घालून बेकरीत न्यायचो. बेकरीवाला समोर मळायचा, भट्टीत भाजायचा आणि किलोवर मजुरी घ्यायचा. त्याने एक चमचा साखरही स्वतःची घातलेली नसायची, तरी त्या मजुरीवर त्याचं घर चालायचं. मजुरी घासाघीस करून कमी करता येते, पण ती शून्य असते असं कधी कोणी त्याला म्हटलं नाही.

आम्ही नवा भाव काढला. खर्च 270, मजुरी 100, आणि तुटलेला माल, नमुने, ओव्हनची झीज व धंद्याची शिल्लक यांसाठी 30. एकूण 400. आईला हे पटेना. ती म्हणाली, "घरात बसून केलेल्या कामाची कसली गं मजुरी?"

वहिनींनी शांतपणे विचारलं, "आई, लेस लावायचे तेव्हाही घरातच बसून लावायचे ना?"

आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिने डबे भरताना मोजून भरायला सुरुवात केली.

भाव वाढल्यावर काही गिऱ्हाइकं गेली. महिन्याला 70 किलो जायची ती 60 वर आली. आधी 70 किलोंचे 3,500 सुटायचे, आता 60 किलोंची मजुरीच 6,000 होते आणि धंद्याचे 1,800 वेगळे राहतात. काम कमी आणि पैसे जास्त, हे वहीत दिसल्यावर भावाचाही विश्वास बसला.

मग दुकानाचा विषय निघाला. भावाला डिपॉझिट भरून गाळा घ्यायचा होता. रस्त्यावर दुकान असलं की येता-जाता गिऱ्हाईक थांबतं, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण भाडं 12,000, वीज 3,000 आणि मदतनिसाचे 10,000 धरले तर महिन्याला 25,000 होतात. किलोमागे मजुरी आणि नफा मिळून 130. म्हणजे 190 किलोंहून जास्त माल विकला तेव्हा कुठे हा खर्च भरून निघणार, आणि त्यात वहिनींची मजुरी पुन्हा शून्य. दुकान झालं असतं, पण दुकानात सगळ्यात स्वस्त माणूस मालकीणच ठरली असती. म्हणून डिपॉझिटच्या पैशातून मोठा दोन ट्रेचा ओव्हन घेतला. घरून सलग सहा महिने दीडशे किलोंच्या वर माल गेला, तर गाळ्याचा विचार करायचा, असं ठरलंय.

कागदपत्रांची भीती बाळगू नका. वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असल्याने एफएसएसएआयची फक्त नोंदणी लागली, आम्ही केली तेव्हा फी वर्षाला 100 रुपये होती. लेबलवर नोंदणी क्रमांक, वजन, घटक, तयार केल्याची तारीख आणि हिरवा ठिपका टाकायचा. मोठी यंत्रं घेण्यासाठी 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत बँकेच्या कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान ठेवलं होतं, जास्तीत जास्त 10 लाख. बँकेत जाताना सहा महिन्यांचा नीट लिहिलेला हिशेब बरोबर असला, तर बोलणं सोपं जातं.

गेल्या दिवाळीत वहिनींनी आणखी एक गोष्ट केली. 400 रुपये ऐकून मान हलवणाऱ्या शेजारणींना त्यांनी सांगितलं, "तूप, मैदा, साखर तुम्ही आणा. मी भाजून देते, किलोला 100 रुपये मजुरी." एकीनेही घासाघीस केली नाही. सुरतेतल्या बाईला जॉबवर्कचा भाव समजावून सांगावा लागत नाही. दहा दिवसांत 45 किलो नानकटाई अशी भाजून गेली आणि वहिनींचा तुपात एक रुपयाही अडकला नाही.

मजुरीचे पैसे आता दर महिन्याच्या एक तारखेला वहिनींच्या स्वतःच्या खात्यात जातात. घरखर्चाला लागले तर त्या देतात, पण आता ते विचारून घ्यावे लागतात. तुमच्याही घरात कोणी ओव्हन लावायच्या विचारात असेल तर रेसिपी, डबा, लेबल हे सगळं जमेल. फक्त वही घातली, की तुपाच्या आधी मजुरीचा रकाना आखा.