उत्तेजनार्थ

पारितोषिकांच्या यादीत सर्वांत शेवटी येणारा ‘उत्तेजनार्थ’ हा शब्द माझ्या परिचयाचा आहे. १९६८ साली शालान्त परीक्षा देऊन घरी बसलो असताना एका कथास्पर्धेत मला ते पारितोषिक मिळाले होते. पाच रुपये आणि एक प्रशस्तिपत्र. वडील केळीच्या वाडीत पाणी लावीत होते. मी कुंपणापासूनच ओरडून बातमी सांगितली, तेव्हा त्यांनी हातातले फावडे न थांबवता ‘पहिला कोण आला?’ एवढेच विचारले.

तरीही त्या पाच रुपयांनी मला लिहिते केले, हे मान्य करायला हवे. स्पर्धा माणसाला दोन गोष्टी देते. शेवटची तारीख आणि अनोळखी वाचक. घरात बसून लिहिणाऱ्याची गोष्ट कधी पुरी होत नाही. पोस्टाच्या तिकिटाचा खर्च झाला की ती पुरी करावी लागते. आणि संमेलनांविषयी लोक काहीही म्हणोत (उद्घाटकांची भाषणे लांबतात, जेवणाची वेळ टळते, नवोदितांच्या वाट्याला रविवारची पेंगुळलेली दुपार येते, हे सारे खरेच आहे), तिथेच मी पहिल्यांदा कथाकथन ऐकले आणि वाक्य कानानेही तपासायचे असते हे मला समजले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथा सांगून हजारो माणसांना हे ऐकण्याचे वळण लावले होते.

आपल्या समाजाला तर अशा व्यासपीठांचे महत्त्व अधिक. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने भरले. वाचनाची ओळख ज्यांना लग्नानंतर झाली, त्या लक्ष्मीबाई टिळकांना १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाने अध्यक्षपद दिले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग त्यानंतर, १९३४ साली, निघाला. म्हणजे मान आधी मिळाला आणि ग्रंथ मागाहून आला. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा आमच्या वसईत कित्येक घरांत दूरदर्शन संचासमोर माणसे सुतकातल्यासारखी गप्प बसून ऐकत होती. एरव्ही आम्ही इतके गप्प बसत नाही.

पण मला सांगायचे आहे ते परीक्षकाच्या खुर्चीविषयी.

१९८६ साली आमच्या धर्मग्रामातील युवकांनी नाताळनिमित्त कथास्पर्धा घेतली. मी शाळेत मराठी शिकवीत होतो. साहजिकच तिघा परीक्षकांत माझे नाव आले. नियम नेहमीचेच. फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरांत लिहावे. कथेवर नाव घालू नये, नाव-पत्ता वेगळ्या बंद पाकिटात द्यावा. हस्तलिखित परत मिळणार नाही, प्रत स्वतःजवळ ठेवावी. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. एकोणीस कथा आल्या. त्यांपैकी बहुतेक कथांत कोणी तरी दारुडा वा उधळा मनुष्य मध्यरात्रीच्या मिस्साच्या घंटा ऐकून सुधारत होता. मी निमूटपणे गुण देत गेलो.

बारावी की तेरावी कथा उघडली आणि अक्षर ओळखले. ‘ळ’ची ती उजवीकडे कललेली गाठ मी तीन वर्षे वहीत दुरुस्त करीत आलो होतो.

डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली होती. पहिले पारितोषिक त्या अज्ञात जगतापांना मिळाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने केवढी काळजी घेतली! सतरा वर्षांच्या मुलीला ती कशी सुचावी? आणि एकाच शाळेत सारा गाव शिकलेला असताना बंद पाकिटाला अर्थ तरी काय?

कथा साधी होती. नाताळच्या आदल्या दिवशी आई कपड्यांचे गाठोडे घेऊन घराबाहेर पडते. बाप शेजाऱ्यांना सांगतो, ती माहेरी गेली आहे. धाकटा भाऊ कंदील टांगतो, आजी पाच ताटे मांडते आणि मग एक उचलून ठेवते. कोणी रडत नाही. सारे मिस्साला जातात. परत येतात. कथा संपते.

ती कथा कोणत्या घरातली आहे हे मला ठाऊक होते. गावात सर्वांनाच ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. हिला पहिले पारितोषिक दिले तर विजेती कथा मंचावर वाचली जाईल, बाप समोर बसलेला असेल, या विचाराने माझा हात आखडला. तसे मी तेव्हा स्वतःलाही सांगितले नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : ‘भाषा चांगली. शेवट अपूर्ण वाटतो. आशेचा किरण हवा.’ आणि शंभरांपैकी अठ्ठेचाळीस गुण दिले. इतर दोघांनी भरपूर दिले होते. माझ्या गुणांमुळे ती उत्तेजनार्थ पारितोषिकावर आली.

समारंभानंतर तिला बाजूला घेऊन मी समजावलेसुद्धा. म्हटले, अगं, ग्लोरियाच्या वेळी आई मंदिराच्या दाराशी येऊन उभी राहिली असती, तर कथा कुठल्या कुठे गेली असती. ती ‘होय सर’ म्हणाली. त्यानंतर तिचे काही लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही.

गेल्या वर्षी नवोदित लेखकांच्या मेळाव्यात नावनोंदणीच्या मेजावर मला बसविले होते. म्हाताऱ्या शिक्षकांना अशी कामे देतात. ती आपल्या मुलीला घेऊन आली. केस पांढरे झालेले, पण मी ओळखले. मुलगी कथास्पर्धेची प्रवेशिका भरू लागली आणि आम्ही बोलत बसलो. मी धीर करून विचारले, ‘तुझी ती कथा आहे का गं तुझ्याजवळ?’

‘नाही सर. कच्चे कागद मी चुलीत घातले होते. घरात कोणाच्या हाती लागायला नकोत म्हणून. पक्की प्रत तुमच्याकडेच दिलेली.’

त्या स्पर्धेचे गाठोडे बरीच वर्षे माझ्या माळ्यावर होते. पुढे वाळवी लागली आणि मी ते सारे जाळून टाकले. हे मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुम्हाला आठवते का सर ती?’

मला फार बरे वाटले. शब्दन् शब्द आठवतो, म्हणालो, आणि सांगू लागलो. गाठोडे, कंदील, पाच ताटे, आजीने उचललेले ताट. मंदिराकडे जाणारी वाट. मग घंटा झाल्या, ग्लोरिया सुरू झाला आणि दाराशी डोक्यावरून पदर घेतलेली आई...

‘सर,’ ती हळूच म्हणाली, ‘माझ्या गोष्टीत आई परत येत नाही.’

मी थांबलो. अडतीस वर्षे मी माझाच शेवट जपून ठेवला होता.

मुलीने प्रवेशिकेवरून मान वर केली होती. आईकडे पाहत तिने विचारले, ‘आजी कुठे गेली होती?’

दोघी उठून बाहेर चिंचेखाली गेल्या. मेजावर प्रवेशिका अर्धी भरलेली पडली होती. मी तिच्यावर पेपरवेट ठेवला. दुपारचे सत्र सुरू झाल्याची घोषणा झाली, तेव्हाही त्या तिथेच बोलत बसल्या होत्या.