शुद्ध पाण्याची काचसफाई : गडब परिसरातील ग्राहकांना समजावताना

लांब दांड्याच्या टोकाला ब्रश बसवून आणि त्याच ब्रशमधून क्षारविरहित पाणी सोडून, जमिनीवर उभे राहूनच उंचावरील काचा धुण्याची पद्धत ब्रिटनमध्ये चांगलीच रुळलेली असून, उंचावरील कामासंबंधीचे नियम तेथे २००५ मध्ये लागू झाल्यावर शिडीला पर्याय म्हणून तिचा प्रसार वाढत गेला. पेण आणि रोहा यांच्या दरम्यान वसलेल्या गडबसारख्या गावात, जेथे काच म्हटली की साबणाचे पाणी, जुने वर्तमानपत्र आणि शेवटी कोरडे फडके असा क्रम घरोघरी ठरलेला आहे, तेथे ग्राहकाला दांड्याच्या उंचीपेक्षा किंवा दरापेक्षा वेगळीच शंका पडते. काच ओलीच ठेवून माणूस पाइप गुंडाळायला कसा लागतो, हे त्याला कळत नाही. प्रस्तुत लेखकाने या परिसरात काम करताना "अहो, पुसायचं राहिलं की" हे वाक्य इतक्या घरी ऐकले आहे की, समजावणीचा आरंभ यंत्रापासून न करता याच वाक्यापासून करावा, असे त्याचे मत झाले आहे.

काचेवर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार होत. गडबच्या पश्चिमेस अंबा नदीचे खाडीपात्र आहे, आणि पेण-उरण भागातील मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही, कारण आगरात घेतलेले खाडीचे पाणी उन्हाने आटून मीठ उरावे तसेच काचेवरच्या थेंबाचेही होते. एक लिटर पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे मिलिग्रॅममधील प्रमाण म्हणजे टीडीएस. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५,००० असते, पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा धरली आहे, आणि काचसफाईसाठी मात्र ते १० च्या आत, शक्यतो शून्याजवळ असावे लागते. मोठ्या काचेवर १०० मिलिलिटर पाणी राहून सुकले, तर ५०० टीडीएसचे पाणी तिच्यावर ५० मिलिग्रॅम क्षार सोडते आणि १० टीडीएसचे पाणी केवळ १ मिलिग्रॅम; पुसण्याची गरज या फरकानेच संपते, आणि ज्या पाण्यात मागे उरण्यासारखे काही नाही ते फडक्याने टिपल्यास फडक्यातील धागे व मळ मात्र काचेला लागतो.

असे पाणी तयार करताना प्रथम गाळ अडवणारी आणि क्लोरीन शोषून घेणारी कोळशाची गाळणी वापरतात, कारण क्लोरीनमुळे पुढच्या पटलाची हानी होते. त्यानंतर पाणी दाबाने आरओच्या पटलातून नेले जाते, जेथे बहुतेक क्षार अडतात, आणि उरलेले क्षार रेझिन नावाच्या बारीक मण्यांच्या नळकांड्यात काढले जातात, जेथे क्षारांचे धन आयन घेऊन हायड्रोजनचे आणि ऋण आयन घेऊन हायड्रॉक्सिलचे आयन सोडले जातात व या दोहोंच्या संयोगाने पाणीच बनते. ही साखळी तोंडी सांगितल्याने ग्राहक मान डोलावतो, पण त्याची शंका फिटत नाही. त्याच्याच नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी पेल्यात घेऊन त्यात मीटर बुडवावा, मग ब्रशमधून येणाऱ्या पाण्यात तोच मीटर बुडवावा आणि दोन्ही आकडे त्यालाच वाचू द्यावेत, हा उपाय सर्वांत परिणामकारक ठरतो. आकडा शून्याजवळ पाहून हे पाणी पिण्यास उत्तम असावे असा समज काही घरांत होतो. तो तेथल्या तेथे दूर करणे आवश्यक असते, कारण टीडीएस मीटर जंतू मोजत नाही आणि कामाची टाकी व पाइप पिण्याच्या पाण्यासाठी राखलेले नसतात.

शुद्ध पाणी मळ ओढून घेते असे विक्रेते सांगतात, परंतु हा दावा ताणलेला आहे. मळ सुटतो तो मुख्यतः ब्रशच्या घर्षणाने. आधी वरची चौकट, मग काच घासून, शेवटी वरून खाली भरपूर पाण्याने धुतल्यावर सुटलेला मळ वाहून जातो, आणि पाण्याची शुद्धता कामाला येते ती त्यानंतर, सुकताना. त्यामुळेच पहिल्या धुण्याच्या मर्यादा आधी सांगाव्या लागतात. महामार्गाची धूळ सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या खोबणीत वर्षानुवर्षे साचलेली असते आणि ती काम संपल्यावरही थोडा वेळ झिरपून काचेच्या खालच्या भागावर ओघळ सोडते. खारट वाऱ्याने चौकटीवर आलेली पांढरी भुकटीही तशीच उतरते. बोअरिंगच्या पाण्याने काचेवर बसलेले जुने खडे डाग या पद्धतीने निघत नाहीत, त्यांना वेगळे उपचार लागतात, आणि काच खाल्ली गेली असल्यास तेही पुरत नाहीत. सर्वांत मोठी अडचण लोखंडी गजांची आहे: कोकणातील बहुतेक जुन्या घरांच्या खिडक्यांना बाहेरून गज किंवा पेटीसारखी जाळी असते, ब्रश तिच्या आत सपाट टेकत नाही, आणि अशा घराचे काम स्वीकारून निम्मी काच धुण्यापेक्षा ही पद्धत येथे उपयोगाची नाही असे स्पष्ट सांगणे हेच प्रस्तुत लेखकास योग्य वाटते. नव्या बंगल्यांच्या जिन्यापुढील दुमजली काचा, दुकानांचे दर्शनी भाग आणि कार्यालये हे तिचे खरे क्षेत्र आहे.

शिडी आणि बांबूची परांची टळते म्हणून धोकाच उरत नाही, असा ग्राहकाचा ग्रह होऊ देणे हे मात्र घातक आहे. लांब दांडे वजन कमी राहावे म्हणून कार्बन तंतूंचे बनवतात आणि कार्बन तंतू वीजवाहक असतो. गावात विजेच्या उघड्या तारा अनेकदा घराच्या पडवीलगत गेलेल्या असल्याने दांडा उभा करण्यापूर्वी त्यांचा मार्ग पाहावा लागतो, आणि तार जवळ असल्यास ती बाजू ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी सोडून द्यावी लागते.

शेवटचा प्रश्न पाण्याच्या खर्चाचा असून तो उन्हाळ्यात घरातील स्त्रियाच प्रथम विचारतात, आणि त्यांचा तो अधिकार आहे, कारण पेण तालुक्याच्या खारेपाटातील टंचाई त्यांनीच हंड्यांनी वाहिली आहे. आरओच्या पटलातून आत गेलेले सर्वच पाणी शुद्ध होऊन बाहेर येत नाही. निम्मे पाणी शुद्ध झाले, तर उरलेल्या निम्म्यात क्षारांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते, आणि वायाचे म्हणून गटारात सोडले जाणारे ते हेच पाणी. ते वेगळ्या पिंपात साठवून अंगण धुण्यास किंवा शौचालयात वापरता येते, झाडांना घालणे मात्र टाळलेले बरे. जे घर एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर अवलंबून आहे तेथील काम पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलावे असे लेखक सुचवतो, आणि पावसात काच धुऊन काय उपयोग, या प्रतिप्रश्नाला त्याचे उत्तर असते की, पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात, डाग पडतात ते काचेवर आधीच बसलेल्या धुळीचे, म्हणून घासून स्वच्छ केलेली काच भर पावसातही स्वच्छ सुकते.