मोंढ्यातला शब्द

देवगिरी एक्स्प्रेसने जालन्याला उतरलो तेव्हा पुरते उजाडले नव्हते. माघातली थंडी होती. खिशात सौ.ने दिलेली यादी होती आणि यादीत जिन्नस एकच : तुरीची डाळ, बिनपॉलिशची, बिनफवारणीची. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, 'खात्री करून'.

ह्या खात्रीपायीच हा प्रवास घडला. मुंबईतल्या नैसर्गिक किराण्याच्या एका दुकानात ह्याच डाळीला आम्ही किलोला दोनशे चाळीस रुपये मोजत होतो. पाकिटावर हिरवे पान आणि 'निसर्गाच्या कुशीतून' असले काहीबाही छापलेले. त्या पानावर भरवसा ठेवून वर्षभर वरण खाल्ले. एके दिवशी सौ.ने सहज विचारले, "ही कुठल्या गावची हो?" दुकानदाराने पाकीट उलटसुलट केले, हसला आणि म्हणाला, "वरून येते." वरून पाऊस येतो हे ठाऊक होते, डाळही येते हे नवे होते!

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात जुनी आहे. निजामाच्या राज्यातली ही नावाजलेली पेठ. १९८१ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाली. कुंडलिकेच्या दोन्ही काठांनी गाव पसरले आहे. आज गावाबाहेर लोखंडी सळयांचे कारखाने धूर ओकतात. पण गावाची नाडी पाहायची तर मोंढ्यात जावे. धान्याच्या बाजाराला मराठवाड्यात मोंढा म्हणतात.

मोंढ्यात तुरीचे ढीग लागले होते. लाल तूर, पांढरी तूर. शेतकरी ढिगाशेजारी उभा. खरेदीदार पुढे होतो, मूठ भरतो, दाणा दाताखाली फोडतो, फुंकर मारून काडीकचरा पाहतो आणि बोली लागते. एक वयस्क आडते गादीवर बसले होते. त्यांनी चहा मागवला. मी त्यांना माझा प्रश्न विचारला : ह्यातली बिनफवारणीची तूर कोणती?

ते म्हणाले, "साहेब, ओल हाताला कळते, भेसळ डोळ्याला कळते. फवारणी कशाला कळावी? ज्याने मारली नाही त्याचा ढीग आणि ज्याने मारली त्याचा ढीग, दोन्ही एकाच पोत्यात जातात. भावही एकच."

सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीला क्विंटलला ८,००० रुपये हमीभाव जाहीर केला. म्हणजे किलोला ऐंशी. क्विंटलभर तुरीची साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ पडते. म्हणजे डाळीच्या किलोमागे तुरीचे एकशेदहा-पंधरा रुपये. गिरणी, वाहतूक, दुकानभाडे धरले तरी दोनशे चाळीसपर्यंत पुष्कळ जागा उरते. ती जागा एका शब्दाची किंमत आहे : 'सेंद्रिय'. तो शब्द खरा असेल तर किंमत रास्त. खोटा असेल तर ती चोरी. आणि खरा असूनही शेतकऱ्याच्या हाती काही पडले नाही, तर तीही एक प्रकारची चोरीच.

डोळ्याला न दिसणारा गुण विकणे जालन्याला नवे नाही. हे बियाण्याचे गाव आहे. बियाणे घेताना शेतकऱ्याला फक्त पिशवी दिसते. पिशवीतले खरेखोटे त्याला पुढे शेतात कळते आणि तोवर हंगाम निघून गेलेला असतो. बियाण्याच्या एका प्रकाराला मराठीत नावच आहे 'सत्यप्रत'. लेबलावर लिहिले ते खरे, ह्याची जबाबदारी विकणाऱ्याची!

ह्या विश्वासावर इथे बद्रीनारायण बारवाले ह्यांनी धंदा उभारला. जन्म हिंगोलीचा. तरुणपणी हैदराबादच्या मुक्तिलढ्यात होते. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ साली त्यांनी महिको काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गावासाठी त्यांनी श्री गणपती नेत्रालय उभे केले. पण ह्याच महिकोने मोन्सॅन्टोच्या भागीदारीत २००२ साली देशात बीटी कापूस आणला. आधी बोंडअळीच्या फवारण्या घटल्या. पुढे गुलाबी बोंडअळी त्या कापसाला सरावली आणि २०१७ साली मराठवाड्याने त्याचा चटका सोसला. सेंद्रियवाले तर असले बियाणे शिवतही नाहीत. हा वाद मी मिटवणारा कोण? मात्र एक गोष्ट मनाशी पक्की झाली : व्यापाऱ्याने दवाखाना बांधला की त्याचे औदार्य कळते, त्याची नीती पारखायची तर त्याने विकलेली पिशवीच उघडावी लागते.

दुपारी बदनापूरला गेलो. इथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. 'बीडीएन-७११' ही लवकर येणारी पांढरी तूर इथलीच. हे संकरित वाण नव्हे. शेतकरी घरचे बी राखून पुन्हा पेरू शकतो. बाजारात एक मावशी फडक्यावर घरी भरडलेली डाळ घेऊन बसल्या होत्या. डाळ मंद पिवळी, टरफलाचे कण चिकटलेली. चकाकी अजिबात नाही.

"कशी दिली, मावशी?"

"दीडशे, दादा. घरची हाय."

"फवारणी?"

"दोन वर्सं झाली, बंद केली. माल निम्म्यावर आला बगा. शेजारी हसत्यात."

मी सवयीने म्हणालो, "एकशे चाळीस लावा."

शब्द तोंडातून गेला आणि कानशिले तापली. चकचकीत दुकानात दोनशे चाळीस मोजताना ज्या जिभेला हूं की चूं करवले नाही, ती इथे दहा रुपयांसाठी चुरूचुरू चालत होती!

त्यांची ती दोन वर्षे मला नंतर नीट उमगली. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमांत, रसायने सोडल्यावर हंगामी पिकांच्या जमिनीला पेरणीपूर्वी दोन वर्षे संक्रमणाची मानली आहेत. त्या काळात उत्पन्न घटू शकते आणि मालाला 'सेंद्रिय' म्हणता येत नाही. हा तोटा कोणी सोसायचा? शेतकरी एकटाच सोसतो. नैसर्गिक किराण्याच्या व्यापाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे : तो ही दोन वर्षे शेतकऱ्याच्या पाठीशी, ठरल्या भावाने उभा राहतो की तयार माल हिरव्या पाकिटात भरायला तिसऱ्या वर्षी उगवतो?

आणि गिऱ्हाइकाची परीक्षा? १९७५ साली निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने एक वाट दाखवली आहे. शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र आणून आपसांत वाटून घ्यायचा. मागणी आधी ठरली की खरेदी करणाराला उत्पादकाशी ठामपणे बोलता येते. शेतकऱ्यांतही सहभागी हमीची पद्धत आहे. गटातले शेतकरी एकमेकांची शेते तपासतात आणि एकमेकांसाठी शब्द टाकतात. हिरव्या पानापेक्षा शेजाऱ्याची नजर जास्त कडक असते, हे काय आपल्या चाळीला सांगायला हवे?

मावशींकडून पाच किलो डाळ घेतली. दीडशेनेच. मुंबईत सौ.ने ती ताटात पसरली, दोन खडे काढले आणि विचारले, "खात्री केली?"

"शेत पाहिले नाही," मी म्हणालो, "पण गाव कळले, बाई पाहिली आणि माझी लाज पाहिली."

डाळ शिजायला दोन शिट्या जास्त लागल्या. वरण मात्र गोड झाले. यंदा आमच्या जिन्यातल्या सात घरांनी मिळून तुरीची यादी केली आहे. सुगीच्या आधीच, भाव ठरवून. ती घेऊन मी पुन्हा बदनापूरला निघालो आहे. ह्या खेपेला शेतही पाहीन म्हणतो.