भामेरच्या टाक्यावर

सह्याद्रीतल्या गाजलेल्या गडांवर हल्ली शनिवार-रविवारी धड उभं राहायला जागा नसते. हरिहरच्या पायऱ्यांवर रांग लावून वर पोहोचलं तरी डोंगर चढल्यासारखं वाटत नाही. म्हणून आश्विनात, पाऊस ओसरल्यावर, खानदेशची वाट धरली. लळिंग झालं, थाळनेरला तापीकाठच्या फारुकी कबरी पाहिल्या, सोनगीरवर एक संध्याकाळ काढली. सांगायचं आहे ते मात्र साक्री तालुक्यातल्या भामेरबद्दल.

निजामपूरजवळच्या या गावात किल्ला कुठे सुरू होतो ते कळतच नाही. जुनी कमान ओलांडून घरांमधून वर जायचं. कुठे ओट्याला कोरीव दगड लागलेला, कुठे पडक्या तटाला टेकून गोठा. ही अहिर राजांची राजधानी, असं इकडे सांगतात. अहिर हे नाव ज्या आभीरांशी जोडतात, त्यांच्यातल्या राजा ईश्वरसेनाचा तिसऱ्या शतकातला शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तेवढा ठळक पुरावा भामेरला मला दिसला नाही. पण सुरत आणि बुऱ्हाणपूर यांच्यामधल्या व्यापाराच्या पट्ट्यात हा डोंगर आहे, त्यामुळे ज्याच्या हाती भामेर त्याची चलती, हे पटतं. डोंगराच्या पोटात गुंफांची रांगच्या रांग आहे. बऱ्याचशा गाळाने अर्ध्या बुजलेल्या, दारं वाकूनच ओलांडावी लागतात. कोठारं की शिबंदीच्या खोल्या, याचा विचार करत मी एकेका दारात बराच वेळ रेंगाळलो.

वरच्या टाक्याशी आलो तर चार-पाच पोरं पाण्यात पाय सोडून बसलेली. बुटांतली माती तिथेच धुतली होती, वेफर्सची पाकिटं काठावर पडली होती, मोबाइलवर गाणी चालू होती. माझं डोकं फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत उतारावरून आवाज आला, "पाय काढा रे पोरेस्वन! पेवानं पानी शे हाई!"

साठी उलटलेली बाई. हातात काठी, कमरेला पदर खोचलेला, मागे शे-दीडशे मेंढरं. ठेलारी धनगर. ती पुढे अवाक्षर बोलली नाही, नुसती काठी टेकून उभी राहिली. पोरांनी पाय काढले, तिच्या नजरेखाली पाकिटंही उचलली आणि मुकाट्याने खाली उतरली.

"कथा चालनात, भाऊ?" तिने मला विचारलं. वर देवीपर्यंत, म्हटलं. "बठा. भाकर खाई ल्या."

नव्या बाजरीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि दगडावर फोडलेला कांदा. ठेच्याने डोळ्यांत पाणी आणलं. फडक्यात तीनच भाकरी होत्या. त्यांतली एक तिने आग्रहाने मला दिली. मी माझ्याकडची चिक्की पुढे केली, ती तिने नातवासाठी पदराला बांधली.

जेवताना तिने मला किल्ला सांगितला. कुठल्या टाक्याचं पाणी गोड, कुठल्याला शेवाळाचा वास येतो, कुठलं आखाजीपर्यंत टिकतं, कुठल्या गुंफेत पाऊस आत येत नाही. राजांबद्दल तिला काही सांगायचं नव्हतं. किल्ल्यांवरच्या माहितीत सनावळ्या असतात, दरवाजे-बुरूज मोजलेले असतात. डोंगर वापरणाऱ्या माणसाचं हे ज्ञान त्यात क्वचितच येतं. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, आणि तो अभिमान आजही आहे. पण महाराष्ट्रातल्या गिर्यारोहणाची गोष्ट लिहायची तर तिच्यात या मेंढपाळ मावशींसारखी माणसंही हवीत. आम्ही ज्यांना ट्रेकच्या वाटा म्हणतो, त्यांतल्या कितीतरी गुराख्या-मेंढपाळांच्या पायांनी पडल्या आहेत.

तिच्यासोबत बसल्या जागेवरून खालचा मुलूख दिसत होता. शेतं कापत सरळ पूर्व-पश्चिम गेलेल्या काळ्या दगडांच्या लांबलचक रांगा, माणसांनी बांधलेल्या तटासारख्या. त्या माणसांच्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाने दख्खन घडवलं, त्या काळात जमिनीच्या भेगांत रस घुसून थिजला. भोवतालचा खडक झिजला आणि या भिंती उरल्या. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात त्या फार आहेत. जमिनीखालचं पाणी त्या कुठे अडवतात, कुठे वाट देतात. मावशींना हे परिणामापुरतं ठाऊक होतं: रांगेच्या या अंगाच्या विहिरीला पाणी, त्या अंगाची कोरडी.

समोरच्या पठारांवर पवनचक्क्या फिरत होत्या. ब्राह्मणवेलच्या परिसरात त्यांचं जंगलच उभं राहिलं आहे. कोळसा न जाळता वीज मिळते, हे मला मान्य आहे. पण त्यांच्यासाठी डोंगरमाथ्यांवर रस्ते कापले गेले, आणि मावशींच्या मते मेंढरांच्या जुन्या वाटा तुटल्या त्या तिथेच. गाडी आली की कळप बिथरतो, कोकरं चुकतात. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा कुटुंबांचा तांडा, चाऱ्यासाठी गुजरातेकडे निघणार होता. पूर्वी थोडं उशिरा निघालं तरी चालायचं, असं ती म्हणाली.

देवीचं दर्शन घेऊन उतरलो.

पुढचा दिवस बारीपाड्यात गेला. याच तालुक्यातलं हे आदिवासी गाव. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेल्या डोंगरांवर चारशे हेक्टरांहून अधिक जंगल पुन्हा उभं केलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जंगल पाहून मन भरून आलं. कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही गावाने स्वतःवर घातली होती, हे समजल्यावर मात्र मेंढरं आठवली. झाडं वाढायची तर काही वर्षं जनावरं बाहेर ठेवावी लागतात, हे खरंच. बारीपाड्याने ते गावात बसून, आपल्याच डोंगरासाठी ठरवलं, म्हणून ते टिकलं. भामेरच्या उतारांचं असं काही ठरायचं झालं तर ती बैठक दिवाळीच्या आधी घ्यायला हवी. त्यानंतर ठेलाऱ्यांचे वाडे गावात नसतात.