नव्वदांतले त्रेपन्न

शिकागोहून मोटारीने उत्तरेकडे निघाले म्हणजे मिशिगन सरोवर उजव्या हाताला घटकाभर दिसते आणि पुन्हा लपते. वाटेत मिलवॉकी लागते. तेथून पुढे मक्याची शेते, गायींचे कळप आणि लाल रंगाचे भलेमोठे गोठे यांच्यावाचून नजरेला फारसे काही पडत नाही. आणि साडेतीनएक तासांनी, फॉक्स नदी जेथे सरोवराच्या उपसागराला मिळते तेथे, ग्रीन बे नावाचे गाव येते. वस्ती सुमारे १ लाख ७ हजार. कागदाच्या गिरण्या, दुधाचा आणि चीजचा धंदा, टुमदार घरे, घरापुढे हिरवळ. अशी गावे अमेरिकेत शेकड्यांनी सापडतील. पण या घरांच्या ऐन मधोमध, जणू कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान असावे इतक्या सहजपणे, ८१,४४१ माणसे बसतील एवढे क्रीडागार उभे आहे. पाळण्यातली मुले आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरूनही गावाचे तीन हिस्से आत मावतील आणि एकच हिस्सा बाहेर उरेल!

या गावात माझी भाची राहते. जावई कागदाच्या गिरणीत इंजिनिअर आहेत आणि नातू अकरा वर्षांचा. २०२४ च्या ऑगस्टात मी तीन आठवडे त्यांच्याकडे होतो. गेलो होतो सरोवर पाहायला आणि चार दिवस स्वस्थ पडायला. पण ऑगस्टात ग्रीन बेला गेलेल्या माणसाला स्वास्थ्य कुठले? पहिल्याच सकाळी चहा घेताना पाहतो तो फ्रिजच्या दारावर एक लांबलचक यादी डकवलेली. नव्वद नावे. काहींपुढे शाईने खूण, काहींपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह, काही खोडलेली.

"कुणाच्या लग्नाची आमंत्रणं ही?" मी विचारले.

भाची हसली. "लग्न नाही हो मामा. पॅकर्सची यादी आहे. सत्तावीस तारखेला या नव्वदांतले सदतीस जायचे. कोण राहणार ते आधी ओळखायचं."

हे ओळखण्याचे वेड एकट्या आमच्या घरात नव्हते. केस कापायला गेलो तर तेथे तीच चर्चा. रविवारी चर्चमधून बाहेर पडणारी मंडळी पायरीवर तेच बोलत उभी. वर्तमानपत्रांत जाणकारांची भाकिते आठवड्यागणिक बदलून छापून येत होती. आपल्याकडे दौऱ्यावर जाणारा क्रिकेटचा संघ जाहीर होण्यापूर्वी जे घडते तेच, पण आपण पंधरा-सोळा नावांवर भांडतो, हे त्रेपन्नांवर भांडतात.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. हुतुतूचे बुद्धिबळाशी लग्न लावून दिले तर जी संतती होईल, तसा काहीसा हा खेळ. मैदानावर एका वेळी अकराच गडी. मात्र चढाई करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, आणि चेंडूला लाथ मारण्याची वेळ आली की तिसरेच येतात. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये असे ३२ संघ आहेत. उन्हाळी सरावाला प्रत्येक संघ ९० जण बोलावतो, आणि हंगामापूर्वी ते ५३ वर आणावे लागतात. वेळ ठरलेली, घड्याळ ठरलेले. ग्रीन बेच्या घड्याळात त्या दिवशी दुपारचे तीन.

बाकीच्या एकतीस संघांचे मालक धनाढ्य लोक आहेत. ग्रीन बेचा मालक गावच आहे! १९१९ साली कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून या दोघांनी हा संघ काढला, तेव्हा लॅम्बो ज्या मांसाच्या कारखान्यात नोकरीला होता त्याने गणवेशांसाठी ५०० डॉलर दिले. कारखान्याचे नाव इंडियन पॅकिंग कंपनी. म्हणून हे पॅकर्स. (यातले इंडियन आपण नव्हे, एवढे सांगून टाकतो. माझी छाती क्षणभर फुगली होती.) पुढे पैशांची ओढाताण झाली, तेव्हा १९२३ साली पाच-पाच डॉलरचे भाग विकून गावाने संघ वाचवला. तसेच नंतर १९३५ साली, १९५० साली आणि पुढेही. आज भागधारक ५ लाख ३८ हजारांच्या वर आहेत. या भागावर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, त्याचा भाव वाढत नाही. आपल्या दलाल स्ट्रीटवर असा कागद कोणी रद्दीच्या भावानेही घेणार नाही. येथे तो चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतात.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे वडिलांनी १९५० साली घेतलेला भाग असा भिंतीवर आहे. ३१ डिसेंबर १९६७ रोजी उणे २५ अंश थंडीत येथे जो अंतिम सामना झाला, त्याला ते शाळकरी वयात वडिलांबरोबर हजर होते. पॅकर्स जिंकले, यांच्या पायाची बोटे दोन दिवस सुन्न होती. माझा नातू त्यांना गुरू मानतो. संध्याकाळी जाळीच्या ओसरीवर बसून, चीजचे तळलेले तुकडे खात (आपल्या भज्यांचे हे गोरे भाऊबंद), दोघांचा हिशेब चालायचा. त्या हिशेबाने मला हळूहळू धरले.

वरवर पाहता तो सोपा आहे. चढाईचे पंचवीस, बचावाचे पंचवीस आणि लाथेच्या कामाचे तीन, झाले त्रेपन्न. त्यांतली चाळीसेक नावे पोरसुद्धा सांगेल. ज्यांना लाखो डॉलर देऊन ठेवले आहे ते राहणार. वसंत ऋतूतल्या वार्षिक निवडीत वरच्या फेऱ्यांत घेतलेले तरुण राहणार. सारी विद्या शेवटच्या दहाबारा जागांची. लग्नाच्या यादीत काका-मामांचा प्रश्न नसतो, प्रश्न येतो तो चुलत आत्याच्या जावयाचा; तसेच हे.

तेथे गंमत अशी की चांगला तोच राहतो असे नाही. चेंडू फेकणारे, म्हणजे क्वार्टरबॅक, दोन ठेवायचे की तीन? तिसरा ठेवला तर पुढच्या फळीतला दहावा गडी जातो. पाचवा झेलकरी झेलण्यात चौथ्याइतकाच हुशार असेल. पण लाथेनंतर धावत जाऊन समोरच्याला पाडायला तो नाराज असेल, तर सहावा त्याची जागा घेतो. शिवाय आणखी एक मेख आहे. चार हंगाम पुरे न झालेल्या खेळाडूला सोडले की तो लगेच मोकळा होत नाही. उरलेल्या ३१ संघांना त्याच्यावर हक्क सांगता येतो, आणि आधीच्या वर्षी जो सर्वांत मागे राहिला त्याचा मान पहिला. म्हणून कधीकधी आज कामाचा असलेला जुना गडी सोडतात आणि उद्या कामाला येईल असा पोरगा धरून ठेवतात, कारण जुन्याला परत बोलावता येईल, पोराला दुसरा पळवील. जावयांनी याचे कोष्टक मांडले होते, रकाने आखून. शेजारचे आजोबा ते पाहून म्हणाले, "छान आहे. यात २०१६ कुठे आहे?"

त्या वर्षी जॉश सिटन हा तीनदा मानाच्या संघात निवडला गेलेला खंदा गडी शेवटच्या दिवशी सोडला होता. गावात एकाच्याही यादीत तो खोडलेला नव्हता.

आणि उलटही असते. १९९४ च्या उन्हाळ्यात येथल्या सरावाला कर्ट वॉर्नर नावाचा एक तरुण होता. क्वार्टरबॅकमध्ये तो चौथा; पुढे ब्रेट फार्व्हसारखा मोहरा. त्याला सोडले यात कोणाला नवल वाटले नाही. तो आयोवात परतला आणि ताशी साडेपाच डॉलरवर किराणा भांडारात रात्रपाळीला फळ्यांवर डबे लावू लागला. जानेवारी २००० मध्ये त्याच वॉर्नरने सेंट लुईसला अजिंक्यपद मिळवून दिले. तेव्हाच्या याद्यांत त्याचे नाव खोडणाऱ्या प्रत्येकाचे भाकीत खरे ठरले होते, हे मात्र विसरता येत नाही.

नातवाची अडचण यादीच्या याच टोकाला होती, आणि तिचे मूळ होते त्याच्या सायकलीत.

या गावात साठ वर्षांहून जुनी एक रीत आहे. सरावाच्या दिवशी मुले आपापल्या सायकली घेऊन क्रीडागाराच्या दाराशी उभी राहतात. खेळाडू बाहेर येतो, एखाद्या मुलाची सायकल घेतो आणि रस्त्यापलीकडच्या मैदानापर्यंत तीवर बसून जातो. मूल त्याचे शिरस्त्राण पोटाशी धरून शेजारून पळते. दीडशे किलोचा बाप्या, गुडघे कानाशी आलेले, खाली बिचारी निळी सायकल कुरकुरते आहे, असे ते ध्यान पाहून मी तर पोट धरून हसलो. आमच्या नातवाची सायकल निवडली होती एका नवख्याने. वार्षिक निवडीच्या सात फेऱ्यांत, २५७ नावांत, त्याला ३२ पैकी एकाही संघाने उचलले नव्हते. नुसता 'येऊन बघ' म्हणून बोलावलेला. पण पहिल्या दिवसापासून तो याच मुलाला शोधून काढी, नावाने हाक मारी, आणि सायकल परत देताना टायरची हवा तपासून देई.

फ्रिजवरच्या यादीत त्याच्यापुढे शाईची खूण होती. नातवाची सारी यादी त्या एका खुणेभोवती वाकडीतिकडी झाली होती. तो राहावा म्हणून दोन क्वार्टरबॅकपैकी एक, एक झेलकरी आणि एक चांगला बचावपटू असे आळीपाळीने बळी जात होते.

"मनानं लिहिलेली यादी आहे ही," आजोबा एकदाच म्हणाले. पुढे बोलले नाहीत.

बोलण्याची गरज नव्हती. पणाला काय लागले आहे हे तेथली मुलेही जाणतात. त्रेपन्नांत आला तर नवख्याला त्या वर्षी ७ लाख ९५ हजार डॉलर होते. नाही आला तर सरावासाठी ठेवतात त्या सोळांत वर्णी लागली तर आठवड्याला साडेबारा हजार. तीही नाही लागली तर घरचा रस्ता. सकाळी एक माणूस येऊन सांगतो, 'साहेबांनी बोलावलंय, डावांची वही बरोबर घे.' या निरोप्याला खेळाडूंच्या बोलीत 'तुर्क' म्हणतात.

२४ ऑगस्टला बाल्टिमोरच्या संघाशी सरावाचा शेवटचा सामना झाला. त्याला मी गेलो होतो. आजोबांनी आधीच बजावले, "खेळणाऱ्यांकडे पाहू नका, न खेळणाऱ्यांकडे पाहा." खरेच, बहुतेक नामवंत टोप्या घालून कडेला गप्पा मारीत उभे होते. जो उभा तो तरला. जो जीव तोडून पळतो आहे तो धोक्यात. नातवाचा नवखा शेवटच्या घटकेपर्यंत खेळला आणि चांगला खेळला. नातू टाळ्या वाजवत होता. पण प्रत्येक डावाला तो अजून मैदानावरच आहे, हे पाहून त्याचा चेहरा उतरत चालला होता. एवढ्या आनंदी गर्दीत मी इतका उदास खेळ पाहिला नाही.

सोमवारी रात्री याद्या बंद करायच्या, असा दोन घरांचा करार होता. जिंकणाराला शेजारणीच्या हातचा डोअर काउंटीच्या चेरींचा पाय. त्याच दिवशी बातमी आली की पॅकर्सनी टेनेसीकडून मलिक विलिस हा क्वार्टरबॅक घेतला. झाले! महिनाभर शॉन क्लिफर्ड की मायकेल प्रॅट, यावर गाव दुभंगले होते. आता दोघांवरही गदा. जावयांनी कोष्टकच फाडले. नातू मात्र पेन्सिल घेऊन शांतपणे बसला. एक जागा मोकळी झाली होती. तीत तो आपला माणूस बसवील असे आम्हा सर्वांना वाटले. त्याने बराच वेळ यादीकडे पाहिले आणि त्या नावावर बारीक रेघ ओढली.

मंगळवारी तीन वाजता यादी आली. क्लिफर्ड गेला, प्रॅट गेला. त्याच दोन दिवसांत, उन्हाळाभर स्पर्धा करणारे लाथ मारणारे दोघेही गेले आणि टेनेसीनेच सोडलेला तिसरा, ब्रेडन नार्व्हसन, आला. नवखाही गेला. दुसऱ्या दिवशी सरावाच्या सोळांचीही नावे आली. क्लिफर्ड त्यांत परतला. आमचा नवखा नाही.

गुण मोजायला सारे ओसरीवर जमलो. नातवाचे ४७ जुळले, आजोबांचे ४८. भाची खोडलेली नावे ताडून पाहू लागली, तशी तो म्हणाला, "त्याचं नको मोजू." आजोबांनी चष्मा पुसला, आपल्याही यादीतले ते नाव बाजूला ठेवले आणि चेरीचा पाय दोन्ही घरांत अर्धा-अर्धा केला.

मी परत आलो. सप्टेंबरात भाचीचा फोन आला. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत पहिलाच सामना झाला, त्यात मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह जायबंदी झाला, आणि पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या विलिसने पुढचे दोन्ही सामने जिंकून दिले. त्यांतला दुसरा ज्या टेनेसीने त्याला देऊन टाकले त्या टेनेसीविरुद्ध! गावात जो तो आता सांगतो, मला आधीच ठाऊक होते. मग फोन नातवाकडे गेला. त्याच्या नवख्याचा काही पत्ता लागला का, म्हणून मी विचारले.

"अजून नाही, आजोबा," तो म्हणाला. "पण रोज बघतो. अजून एकतीस संघ आहेत."