छिद्रांचे मोल

डोंबिवलीतील एका स्टील-भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या मातोश्रींचा खुबा काही वर्षांपूर्वी बदलला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो पुन्हा दुखू लागला. ठाण्याच्या शल्यविशारदांनी तपासून सांगितले की, आत बसवलेली वाटी सैल झाली असून तिच्यामागचे हाड झिजले आहे. नवी वाटी म्हणून त्यांनी टायटॅनियमचा एक नमुना मेजावर ठेवला. तो आतून गुळगुळीत होता आणि बाहेरून स्पंजासारखा सच्छिद्र.

मुलाचा पहिला प्रश्न घराण्याच्या संस्काराला धरून होता. "डॉक्टरसाहेब, यात प्राण्यांचे काही नाही ना?" प्रश्न अनाठायी नव्हता. हाडातील पोकळी भरण्यासाठी काही वेळा गाईच्या हाडापासून केलेला पदार्थ वापरतात, आणि विचारल्याशिवाय तो उल्लेख होईलच असे नाही. ही वाटी निव्वळ धातूची होती. दुसरा प्रश्न व्यापाऱ्याचा होता. "भरीव धातू सोडून छिद्रांचे जास्त पैसे का द्यायचे?" आयुष्यभर भांडे टिचकी मारून त्याची जाडी जोखणाऱ्याला ही शंका येणारच.

याचे उत्तर हाडाच्या स्वभावात आहे. जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले की, हाड आपल्यावरील भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलते. भार मिळाला तर ते घट्ट होते, न मिळाल्यास विरत जाते. व्यवहार न होणारे खाते बँक निष्क्रिय ठरवते, तसेच काहीसे. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या कठीण कवचाचा साधारण १० ते २०. ताठर धातू भार स्वतःकडे घेतो आणि शेजारचे हाड रिकामे बसून झिजते. अशा झिजेची इतरही कारणे असतात, पण हे एक मोठे कारण होय.

जाळी येथे उपयोगी पडते. कळव्याच्या परिसरातील उच्चदाब विजेचे मनोरे जाळीदार असतात, ते वजन वाचवण्यासाठी. हाडासाठीच्या जाळीत ताठरपणाही मुद्दाम कमी करायचा असतो. अनेक जाळ्यांत धातू निम्मा केला की ताठरपणा जवळपास चौथाईवर उतरतो. चाळीस टक्के ठेवला तर सोळा टक्क्यांवर, म्हणजे हाडाच्या जवळ. मात्र बळही घटते, आणि माणूस प्रत्येक पायावर वर्षाकाठी सुमारे दहा लाख पावले टाकतो. अर्धवट वितळलेला एखादा कण पृष्ठभागावर राहिला, तरी तेथून तडा सुरू होऊ शकतो.

छिद्रांचे मापही नाजूक असते. साधारण ३०० ते ६०० मायक्रॉन, म्हणजे काही केसांच्या जाडीएवढे. छिद्र फार लहान असेल तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत, फार मोठे असेल तर जाळी कमकुवत होते. अमेरिकेच्या नासा संस्थेतील अ‍ॅलन शोएन यांनी १९७० मध्ये वर्णिलेला, सर्वत्र वळणदार असलेला 'जायरॉइड' आकार आज यासाठी आवडीने निवडला जातो. ओतकामाने तो घडवणे जवळजवळ अशक्यच. त्रिमितीय छपाईत धातूची भुकटी केसाहून पातळ थरात पसरून लेसरने हवी तेवढीच वितळवतात. उरलेली भुकटी प्रत्येक छिद्रातून झाडून काढावी लागते. किंमत या श्रमाची असते.

ठाण्याशेजारी पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने या क्षेत्रात बरेच काम झाले. हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या सहकार्याने देशी कृत्रिम गुडघा घडवण्याचा प्रकल्प तेथलाच. २०१४ मध्ये तेथे 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू झाले.

इमारत उभी राहिली की परांची उतरवतात. टायटॅनियमची परांची मात्र शरीरात कायम राहते. विरघळून जाणाऱ्या मॅग्नेशियमच्या जाळ्यांवर संशोधन चालू आहे, पण तो धातू घाई करतो. हाड भरण्याआधीच परांची कोसळावी, अशी त्याची अडचण.

तरीही 'थ्री-डी' या शब्दाला भुलू नये. मागचे हाड धडधाकट असेल तर साधी वाटीही उत्तम चालते. या मातोश्रींचे हाड तसे नव्हते, म्हणून मुलाने छिद्रांचे पैसे दिले.

मातोश्रींनी मात्र डॉक्टरांना एकच विचारले, "सामायिकाला खाली बसता येईल का?" पुढच्या तपासणीत छायाचित्रामध्ये वाटी जागेवर पक्की दिसली. मांडी घालण्यास मनाई कायम आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक त्या खिडकीशेजारच्या लाकडी खुर्चीवर करतात, आणि कटासणे खुर्चीवर अंथरतात.